हात तेवढा सोडून

"फेकू नका जी!"

आमच्या शाळेच्या आवारात कोणी काही टाकायला हात उचलला, की ही आरोळी हमखास यायची. आरोळीमागून ड्रॉइंगचे सर यायचे. तुटका कंगवा असो, चेपलेलं बूच असो की पाटीचा तुकडा, सर तो हातात घेत, त्याच्यावरून उजवा अंगठा सावकाश फिरवत आणि खिशात टाकत. त्यांच्या पँटचे खिसे कायम फुगलेले असत. स्टाफरूममध्ये ते खुर्चीत बसले की कुठून तरी खुळखुळ ऐकू यायची.

लाखनीच्या त्या शाळेत मी मराठी शिकवत असे, ते चित्रकला. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा आमच्या अखंड जिल्ह्याचा भिंतीवरचा नकाशा रद्दीत निघाला. सरांनी तो घरी नेला आणि गोणपाटावर चिकटवून परत आणला. वैनगंगेच्या जागी त्यांनी भांड्यांच्या कारागिराकडचा पितळेचा कीस बसवला होता आणि नव्या सीमेवर भाताचं तूस. हेडमास्तरांना डोळे मिटायला लावून त्यांचं बोट त्यांनी त्या सीमेवरून फिरवलं.

"काय लागते, सर?"

"टोचते."

"मंग! वाटणी झाली का टोचतेच."

तेव्हापासून तो नकाशा हेडमास्तरांच्या खुर्चीमागे लागला.

चित्राला हात लावू देणारा चित्रकार तुम्ही पाहिला आहे का? आमचे सर हात लावायला भाग पाडत. "डोळ्यानं चित्र अर्धंच दिसते, बाई. हात लावा." विटेची पूड, वाळू, फाटकी चाळणी, रेशमाच्या कोशाची टरफलं, काहीही ते फळीवर असं बसवत की हात फिरवणाऱ्याला काहीतरी आठवायचंच.

एकदा माझ्या डब्याचं हरवलेलं झाकण मला त्यांच्या चित्रात सापडलं. चंद्र होऊन बसलं होतं. मी तावातावाने भांडले. सर शांतपणे म्हणाले, "बाई, झाकण तर नवीन भेटल. चंद्र कुठून आणू?" सगळी स्टाफरूम हसली, मीही हसले. हा माणूस घेताना विचारत नाही, हे तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. पण हसू आलं की माणूस पुढचं पाहत नाही.

माझं माहेर पवनीच्या अंगाला, नदीकाठी. म्हणजे होतं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव जाणार, हे आम्ही इतकी वर्षं ऐकत आलो होतो की कोणी मनावर घेईनासं झालं होतं. मग घरांवर नंबर पडले आणि लोक गप्प झाले.

मी स्टाफरूममध्ये हे सांगितलं आणि त्याच रविवारी सर माझ्यासोबत गावात आले. पाराजवळ लोक जमले. सर म्हणाले, "मले दर घरची एक वस्तू द्या. जे तुम्ही सोबत नेणार नाही ते. त्याचं एक चित्र करतो. चित्र तुमचंच. नव्या गावाच्या समाजमंदिरात लावू. गावाची आठवण आली का जा, हात लावा."

कोणी दाराची कडी उखडून दिली, कोणी छपरावरचं कवेलू, कोणी गोठ्यातली खुंटी. आमच्या आईने आधी नाक मुरडलं. "हा मास्तर शाळा शिकवते का कचरा येचते वं?" पण सर आमच्या घरात आले आणि दाराजवळच्या भिंतीपाशी थबकले.

त्या भिंतीत आईचा हात होता.

नवरी उंबरा ओलांडून आत आली की हळदीचा हात भिंतीवर उमटवते, तो. बाकीच्यांच्या घरी तो हात एकदोन दिवाळ्यांत सारवणाखाली जाई. आई दर दिवाळीला सगळी भिंत सारवायची, हात तेवढा सोडून. वर्षानुवर्षं मातीचे थर भोवताली चढत गेले आणि तो हात आपल्या जागी राहिला. पाहता पाहता भिंतीला कोनाड्याएवढा खळगा पडला आणि त्याच्या तळाशी तो पिवळा पंजा, करंगळी जराशी वाकडी. लहानपणी मी त्यात माझा हात ठेवून पाही. बाबा गेले त्या दिवशी आई त्यात हात घालून उभी होती, हे मला आठवतं.

सरांनी त्या खळग्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "माय, हे पाण्यात जाऊ द्याचं नाही."

माती सुटू नये म्हणून त्यांनी आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा डिंकाच्या पाण्यात भिजवून त्या हातावर दाबून बसवला. तो खडखडीत वाळल्यावर भोवतालची भिंत करवतीने कापायला घेतली. आई खाली पदर पसरून उभी.

"हळू गा मास्तर. माझा हात हाय तो."

"माझ्यापेक्षा जपीन, माय," सर म्हणाले. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

चित्र तयार झालं तेव्हा गाव ट्रॅक्टरमध्ये बसून आमच्या शाळेत पाहायला आलं. मोठी फळी, तिच्यावर आमच्याच मातीचा गिलावा, कड्या, कवेलू, खुंट्या, आणि मधोमध आईचा हात. एका म्हाताऱ्याला आपली कडी सापडली. त्याने ती वाजवली आणि दार उघडायची वाट पाहत उभा राहिला. मग सगळेच रडायला लागले. सरही रडले. ते रडणं खोटं होतं, असं मी आजही म्हणणार नाही. माझा राग त्यामुळेच तर जात नाही.

गाव उठलं. नव्या जागी एकसारखी घरं, मधे समाजमंदिर. पोरांनी आधीच भिंतीत दोन जाड खिळे ठोकून ठेवले. सर म्हणाले, "भिंत ओली हाय, चित्राले ओल लागल. थांबा थोडं." लोक थांबले. आमच्या लोकांना थांबायची सवय होतीच.

मग एके दिवशी सर मान खाली घालून आईसमोर येऊन बसले. "माय, वाळवी लागली. काहीच उरलं नाही."

आई त्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे गा. अख्खं गाव गेलं, तिथं फळीचं काय घेऊन बसला! तू काहून रडतं?" तिने त्याला चहा दिला. दुसरं करशील का, असंही विचारलं. आणि त्या दिवसापासून खिडकीत एक डबा ठेवून ती त्याच्यासाठी तुटकंफुटकं जमवायला लागली. बटणं, बांगड्यांचे तुकडे, जुन्या कुलपाची किल्ली. "मास्तर आला तर लागल."

मास्तर पुढे आले नाहीत. नोकरी सोडून नागपूरला गेले. पेपरात त्यांचं नाव यायचं, आम्ही कौतुकाने वाचायचो.

आणि मग एका सहकाऱ्याच्या मुलीच्या रिसेप्शनला मी नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात गेले. आत शिरताच समोरच्या भिंतीवर, काचेच्या पेटीत, दिव्याच्या उजेडात, आईचा हात. करंगळी वाकडी. खाली सरांचं नाव आणि पाटी: कृपया हात लावू नये.

मी जेवले नाही. कोणाकोणाकडून नंबर मिळवून मी त्यांना फोन लावला.

"वाळवी लागली होती ना, सर?"

"बाई, तिथं हजार लोक पाहतात. समाजमंदिरात खरंच लागली असती वाळवी."

"विचारायचं तरी होतं."

"तुम्ही नाही म्हटलं असतं."

मी फोन ठेवला. त्यांचं बरोबर होतं. आम्ही नाही म्हटलं असतं, म्हणूनच त्यांनी विचारलं नाही. चोराने कुलूप फोडलं तर माणूस निदान ओरडतो. आम्ही या माणसाच्या चोरीचं सुतक पाळलं होतं, आणि त्यालाच चहा पाजला होता.

आईला सांगू नये, असं घरात सगळ्यांचं मत पडलं. मला ते पटलं नाही. हात तिचा होता. मी तिला घेऊन गेले.

गुळगुळीत फरशीवरून जपून चालत आई त्या पेटीसमोर आली. वर पाहिलं. लगेच ओळखलं. काचेवर पंजा टेकवला. आता सुरकुतलेला, पण करंगळी तशीच. दारावरचा माणूस धावत आला. "अम्माजी, हात मत लगाओ."

"माझाच हात हाय, बापू," आई म्हणाली. "मले काहून नाही म्हणतं?"

त्याला काही कळलं नाही. आईने हात काढून घेतला. काचेवर तिच्या पंजाची वाफ राहिली होती, ती त्याने फडक्याने पुसून टाकली.

परतीच्या बसमध्ये ती एकच बोलली. "मी त्याच्या पाठीवर हात फिरवला होता वं." मला रडू आवरेना. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

घरी आल्यावर तिने पाय धुतले, खिडकीतला डबा उचलला आणि माझ्या हातात दिला.

"फेकून ये."

मी उकिरड्यापाशी गेले. डबा चांगला जड झाला होता. वरचा बांगडीचा तुकडा उचलला, आणि माझा अंगठा आपोआप त्याच्यावरून फिरायला लागला. मागून कोणीतरी ओरडेल म्हणून मी थोडी थांबले.

कोणी ओरडलं नाही. मी डबा उपडा केला.