साडूंचं वजनाशी वैर

जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी माझ्या थोरल्या साडूंइतका डोकं फिरवणारा माणूस दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर लोक त्यालाही माझ्याच घरी आणून सोडतील. हे गृहस्थ कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता चार आंब्याची कलमं लावतील, देवळात बसतील. त्यांनी होड्या करायला घेतल्या. माणसं बसतात तसल्या नव्हेत. हातभर लांबीच्या, शिडाच्या, काठावर उभं राहून रिमोटनं चालवायच्या. मुंबईत कुणाकडे तरी तसली एक पाहून आले आणि तिथून आमच्या दोन्ही घरांची साडेसाती सुरू झाली.

या होडीचं कवच, म्हणजे शीड-सुकाणू काही न लावलेलं नुसतं अंग, जितकं हलकं तितकी होडी चांगली. झालं. त्या दिवसापासून साडूंनी वजन नावाच्या गोष्टीशी उभं वैर धरलं. लग्नाची पत्रिका दिली तर मुहूर्त वाचायच्या आधी हातावर तोलून बघत. माझ्या पुतण्याच्या बाळाचं बारसं होतं. बाळाला उचललं, खालीवर केलं आणि भर बायकांत म्हणाले, "जड आहे. कुठूनतरी कमी करायला पाहिजे." बाळाची आई अजून त्यांच्याशी बोलत नाही. घरच्या काट्यावर भरवसा नाही म्हणून कवच टॉवेलात गुंडाळून रोज संध्याकाळी सोनाराकडे तोलायला नेत. महिन्याभरात गावभर झालं की साडू बायकोचे दागिने मोडतायत, आणि मेहुणी माझ्याकडे येऊन ओक्साबोक्शी रडली. माझ्या नव्या छत्रीचं कापड शिडाला गेलं ते वेगळंच. जव्हारच्या पावसात मी सांगाडा घेऊन हिंडलो. कुणाला राग येणार नाही?

कवच करायची युक्ती त्यांनी खोडाळ्याच्या एका म्हाताऱ्याकडून उचलली. हे बाबा बोहाड्याची सोंगं करतात. बोहाड्यात देव-राक्षसांचे मुखवटे चढवून नाचायचं असतं, म्हणून ते हलके लागतात. मातीच्या साच्यावर खळीनं कागदाचे थर चिकटवायचे आणि वाळले की आतली माती काढून टाकायची. साडू आणि बाबा दोघंही हरखून कामाला लागले. होडी फुलासारखी हलकी झाली. खळ पाण्यात विरघळते हे दोघांनाही सुचलं नाही, कारण सोंग कधी पाण्यात उतरतच नाही. धरणावर पन्नास माणसांदेखत होडी सुटली, वीसेक हात ऐटीत गेली आणि लापशी होऊन पसरली. मासे गोळा झाले. साडू काठावर थयथयाट करत होते आणि बाबा शांतपणे म्हणाले, "मासं तरी जेवलं, साहेब. पुन्न्य लागलं आपल्याला." पुढे वरून रेझीनचा हात द्यायचं ठरलं, मग मात्र होड्या टिकू लागल्या.

मी एकदा भडकून विचारलं, "भाऊ, एवढं घासून घासून हलकं करता आणि शेवटी तळाला शिशाचा गोळा टांगता. हा काय वेडेपणा?"

"वर वाचवलं तेवढंच खाली लावता येतं," ते म्हणाले. "मग वारा कितीही दाबू दे, होडी आडवी होते आणि परत उभी राहते. तुझं सगळं वजन मध्यात आहे, तुला नाही कळायचं."

होडीला मात्र त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. "तुझा हात जड आहे. लांबून बघ."

गेल्या वर्षी त्यांचे हात कापायला लागले. नाशिकच्या डॉक्टरांनी त्या दुखण्याचं नाव सांगितलं आणि हे वाढत जाणार असंही सांगितलं. साडू आधी डॉक्टरवर चिडले, मग चहाच्या कपावर, मग हातांवर. "हात माझे, आणि ऐकतात कुणाचं!" एक कवच अर्धवट घासून पडलं होतं. आजवरचं सगळ्यात हलकं. अंगठा रिमोटवर चालतोय तोवर ते पाण्यात बघायचं, एवढा एकच हट्ट उरला होता. एका सकाळी ते माझ्या दारात आले, कवच माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "घास."

मला इतका संताप आला! इतकी वर्षं लांब उभं करून ठेवलं आणि आता घास? आणि एवढ्यात हरलात? तरी पॉलिशपेपर घेऊन बसलो. कवच उन्हात धरायचं, जिथे उजेड कमी झिरपतो तिथे घासायचं. रागात घासत राहिलो आणि मागच्या बाजूला माझा अंगठा आरपार गेला.

कागदाचे दोन थर आणि रेझीन लावून ठिगळ मारलं आणि त्यांच्यापुढे नेलं. आता भाऊ भडकणार म्हणून उत्तरंही तयार ठेवली होती. त्यांनी कवच दोन्ही तळव्यांवर घेतलं. ते हातांबरोबर थरथरत राहिलं. ठिगळावरून बोट फिरलं.

"राहू दे," ते म्हणाले.

"जड झालीय!" मी ओरडलो.

"असू दे. तेवढं शिसं कमी लावू."

बाळाला जड म्हणणारा हा माणूस! त्या 'राहू दे'ची मला जी भीती वाटली ती डॉक्टरच्या बोलण्याचीही वाटली नव्हती. अंगणात येऊन मी बादलीला लाथ मारली. ओरडा ना, भाऊ. शिव्या द्या.

रविवारी धरणावर गेलो. खोडाळ्याचे बाबाही आले होते. ठिगळाची होडी पाण्यात सोडली. साडूंचा अंगठा थरथरत होता, त्यामुळे सुकाणूही थरथरत होतं आणि होडी नागमोडी चालली होती. मग वाऱ्याचा एक झपाटा आला, ती पार आडवी झाली, माझ्या छत्रीचं शीड पाण्याला टेकलं. आणि मग ती सावकाश उभी राहिली.

"आरं, उठली!" बाबा म्हणाले.

आणि मागून साडू कडाडले, "तू मध्ये कशाला उभा राहिलायस, ढोल्या! तुझ्यानं सगळा वारा अडतोय!"

किती महिन्यांनी इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी डोळे पुसले आणि बाजूला सरकलो, पण फार नाही.