जेवणाच्या मंडपात वाजवलेला ढावलो

विद्यापीठातल्या सरांनी माझ्या आईला फसवलं. शब्द देऊन फसवलं, आमच्या घरी खाटेवर बसून, आमचा चहा पिऊन. सरांचं नाव लिहीत नाही. वाचतील आणि स्वतःला ओळखतील.

लोकसंस्कृती महोत्सवाची दुपार. विद्यापीठाच्या आवारात जेवणाचा मंडप टाकलेला. लोक ताटं घेऊन रांगेत. पुरी, आलूवांग्याची भाजी, बुंदी. आणि कोपऱ्यातल्या भोंग्यांतून माझी आई रडत होती.

आई माझ्या शेजारी रांगेत उभी होती. रडत होता तो तिचा रेकॉर्ड केलेला आवाज.

आमच्या पुढचा जाकीटवाला पाहुणा साऊंडवाल्याला म्हणाला, "मस्त आहे हे. थोडा आवाज वाढव."

त्याने वाढवला.

मी राळेगावकडच्या एका तांड्यावरची. बकऱ्यांचा व्यापार करते. पहिल्यांदा बाजारात दावं धरून उभी राहिले तेव्हा खाटीक हसले होते. आता तेच माझ्या हातावर रुमाल टाकतात आणि खाली बोटं दाबून भाव करतात. बोटावर ठरलं ते ठरलं. कागद नसतो. जो फिरतो त्याचा हात नंतर बाजारात कोणी धरत नाही. मी तापट आहे, सौद्यात कोणाला सोडत नाही. पण शब्द मोडलेला नाही.

सर आले होते ते ढावलो मागायला. आमच्यात नवरी सासरी निघते तेव्हा एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते, तो ढावलो. लोकांना ते गाणं वाटतं. आम्हाला नाही वाटत. त्याला समोर कोणाचा तरी गळा लागतो. त्यात नावं घेतली जातात. एरवी जे तोंडातून निघत नाही ते त्यात निघतं, आणि ऐकणारं माणूस ते पोटात ठेवतं.

आईला आम्ही याडी म्हणतो. याडी सरांना म्हणाली, "घरून कोणी जाऊन नाही राह्यलं, तं ढावलो कायले?"

"आजी, हा ठेवा आहे," सर म्हणाले. "तांड्यावरच्या आताच्या पोरींना येत नाही. महोत्सवात तुम्हाला व्यासपीठावर बसवू. तुम्ही बोला, आम्ही ऐकू."

आजवर याडीला कोणी 'तुम्ही बोला' म्हटलं नव्हतं. ती विरघळली. मी नाही. मी सौदा केला. म्हटलं, "सर, हे तुमच्या अभ्यासाच्या खोलीतच राहीन. भोंग्यावर नाही, मोबाईलवर नाही. पटत असन तं बसा, नाही तं चहा घ्या अन् निंघा."

"माझा शब्द आहे, ताई."

मग सरांनी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि याडीने माझ्या गळ्यात हात टाकले. मला वाटलं होतं जुन्या चार ओळी म्हणेल. पण तिला तिची मोठी बहीण आठवली. याडीच्या लग्नात तिच्याच गळ्यात पडून याडी रडली होती. बहीण कधीचीच गेली. याडीने तिचं नाव घेतलं आणि सगळं काढलं. सासूने कसं उपाशी ठेवलं, नवऱ्याने कसं गोठ्यात कोंडलं, आणि लेकरांसाठी ती कशी तोंड शिवून मेली. त्या लेकरांना याडीनेच वाढवलं. ते शेजारच्या तांड्यावर असतात आणि बापाला देव मानतात. याडीने त्यांना यातलं कधी काही कळू दिलं नव्हतं.

आता माझी अट का मोडायची नाही, ते सरांना मी तिथेच समजावून सांगितलं. सरांनी मान हलवली.

महोत्सवाच्या दिवशी याडी फेटिया-कांचळी घालून, अंगभर चांदी लेवून आली. व्यासपीठाचं नावही कोणी काढलं नाही. तिला फाटकापाशी उभं केलं, हातात आरतीचं ताट दिलं. पाहुणा आला की कोणीतरी म्हणायचं, "आजी, जरा हसा ना." मी साध्या लुगड्यात होते. एक मॅडम मला म्हणाल्या, "तुम्ही पारंपरिक घालून नाही आलात? मग फोटोत येऊ नका, प्लीज."

तेही मी गिळलं. म्हटलं, दुपारून याडी बोलेल.

दुपारून तिचं रडणं वाजलं. याडीने आपला आवाज ओळखला. जेवणाचं ताट खाली ठेवलं, ओढणी तोंडावर घेतली आणि मातीत बसली. माझं लुगडं धरून म्हणाली, "बंद कर. तिचं नाव येईल आता."

मी साऊंडवाल्याकडे धावले. "बंद कर."

"मॅडमनं लावाले सांगतलं. त्याईले विचारा."

मी वायर उपटली. पण नाव येऊन गेलं होतं.

सर आले. हातावर सत्काराची शाल होती. हळू आवाजात म्हणाले, "ताई, पाहुण्यांसमोर तमाशा नको. अहो, तुमची भाषा कोणाला कळते इथे?"

मी मंडपाकडे पाहिलं. मागच्या टेबलावर वसतिगृहातली आमची पोरंपोरी बसली होती. घास हातात, माना खाली. एक पोरगी डोळे पुसत होती. भांड्यांपाशी आमच्याच तांड्यांवरच्या दोन बाया हात थांबवून उभ्या होत्या. यांना सगळं कळलं होतं. फक्त सरांच्या 'कोणाला'मध्ये ही माणसं बसत नव्हती. आम्हीही बसत नव्हतो. आम्ही दाखवायचे होतो, ऐकायचे नव्हतो.

तोवर मला वाटत होतं, सर विसरले असतील. त्या एका वाक्याने ते गेलं.

सर शाल उघडायला लागले. मी म्हटलं, "ते राहू द्या. माह्या मायचं रडणं वापस करा."

ते हसले. "रडणं कसं वापस करणार, ताई?"

"तेच विचारून राह्यली मी."

याडीला उठवलं आणि एसटीने घरी आणलं. आमच्या आधी मोबाईलवर विद्यापीठाने टाकलेला मंडपातला व्हिडिओ पोचला होता, याडीच्या रडण्यासकट. मावशीचा मोठा मुलगा गाडीवर आला. खाली उतरला नाही. "मावशी, आमच्या मेलेल्या बापाले भोंग्यावर नागडं केलं तुवा." याडीने हात जोडले. त्याने गाडी वळवली.

धाकट्याच्या पोरीचं लग्न झालं. आम्हाला बोलावणं नव्हतं. नवरी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली असेल. याडीचा गळा घरी होता. तेव्हापासून ती कोणाच्या लग्नाला जात नाही.

सरांना फोन केला. म्हणाले, "गैरसमज झालाय. शिवाय परवानगी तुम्हीच दिली होती. आपल्या संस्कृतीचंच जतन झालं ना?" व्हिडिओ काढून टाकला, पण काढून काय होतं? तो गावोगाव गेलेला. आणि यंदाच्या महोत्सवाच्या फलकावर पुन्हा याडीचाच चेहरा आहे. हसणारा.

ज्याला त्याला मी हेच सांगत फिरते. वसतिगृहातली पोरं आता माझ्याबरोबर आहेत. आमच्यातलं कोणी यंदा फाटकापाशी उभं राहणार नाही, माईकपुढे बसणार नाही. उद्घाटनाच्या दिवशी आम्ही समोरच्या खुर्च्यांवर बसू. पाहुणा बोलायच्या आधी मी उठेन आणि सगळ्यांसमोर विचारेन.

मला माफीचं पत्र नको. सर, तुम्ही मावशीच्या पोरांच्या दारात चला. त्यांच्या तोंडावर सांगा की म्हातारीने चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं, शब्द तुम्ही मोडला. त्यांची भाषा येत नसेल तर मराठीत सांगा, त्यांना कळते.

कधी येता? आणि तुम्ही येणार नसाल, तर तुमच्या जागी विद्यापीठातलं कोण येणार? जवाब द्या.