बुटक्या खिडक्यांची बालवाडी

निखिलचा फोन आला तेव्हा मी पोह्यांना फोडणी घालत होते. "मावशी, आई चली गई. सुबह, चाय पीते-पीते," तो म्हणाला. मग जरा थांबून, "चाय पूरी पी ली थी..." मला रडू यायच्या आधी हसू आलं. कप अर्धा टाकून उठणं कुमुदताईंना जमलंच नसतं. या गोष्टीला आता दोन महिने होतील, आणि अजून मी त्यांच्याबद्दल सांगायला लागले की ऐकणारा आधी हसतो. त्यांना ते चाललं असतं.

कुमुदताई देशकर नागपूरच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे चंडीगढला आल्या आणि आमच्या सेक्टरमधल्या सरकारी बालवाडीत त्यांनी तीस वर्षं शिकवलं. मी साताऱ्याची. सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून इथे आले, तेव्हा भाजीवाल्याशी माझी हिंदीत चाललेली झटापट मागे उभ्या राहून त्या ऐकत होत्या. "काय घेऊन राहिली गं? तो दुधी जून आहे," असं अचानक मराठीत ऐकू आलं आणि मी त्या दिवसापासून त्यांची झाले. त्यांची भाषा चाळीस वर्षांत पंजाबीला बधली नाही. निखिल मात्र इथेच वाढलेला. आई नागपुरीत विचारायची, तो हिंदीत उत्तर द्यायचा, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

त्या निवृत्त झाल्या आणि काही वर्षांनी बातमी आली की बालवाडी जवळच्या मोठ्या शाळेत हलवणार, आणि ती बैठी विटांची इमारत पाडून बाजारासाठी पार्किंग करणार. खरं सांगायचं तर मी पार्किंगच्या बाजूची होते. रोज संध्याकाळी गाडी लावायला तीन फेऱ्या मारणाऱ्या माणसाला वारसा वगैरे सुचत नाही. मी तसं बोललेही. ताईंनी वाद घातला नाही. "तुझ्याकडे मोजमापाची यंत्रं असतात ना? शनिवारी ये. मला नकाशा काढून पाहिजे," एवढंच म्हणाल्या.

शहराच्या वारसा यादीत त्या इमारतीचं नाव घालायचं त्यांनी ठरवलं होतं. एकदा यादीत नाव आलं की परवानगीशिवाय पाडता येत नाही, बाहेरचं रूप बदलता येत नाही. पहिला अर्ज महिन्याभरात परत आला. इमारत कुणा नामवंत वास्तुकाराची नाही, असा शेरा होता. शहर उभं राहत असताना कुठल्याशा तरुण सरकारी नकाशाकाराने ती आखली होती आणि कागदावर त्याची सहीसुद्धा नव्हती. "मोठमोठ्या इमारतींचे फोटो काढायला जग येतं," ताई चिडून म्हणाल्या, "पण पोरांची शाळा कोण पाहील, बाप्पा?" निखिल म्हणाला, "आई, छोड़ो ना. जाने दो." त्यावर त्यांनी त्याच्याकडून दुसऱ्या अर्जाचं टायपिंग करून घेतलं.

मग त्यांनी जुने विद्यार्थी शोधायला सुरुवात केली. मोहालीत टॅक्सी चालवणारा एक, आयटी पार्कमधली एक मॅनेजर, एक नर्स... अर्जाला जोडायला प्रत्येकाकडून शाळेची एक आठवण कागदावर लिहून घेतली. मी लेझरचं मोजयंत्र घेऊन गेले आणि वर्गात उभी राहून चक्रावले. खिडक्या माझ्या कमरेच्याही खाली होत्या. मला वाटलं, बांधताना चूक झाली असावी. उंची तीनदा मोजली. ताई दारात उभ्या राहून गालातल्या गालात हसत होत्या. सांगितलं मात्र काहीच नाही.

दुसऱ्या अर्जानंतर वारसा समितीची तीन माणसं पाहणीला आली. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, हवा धुतल्यासारखी होती. त्यांतले मुख्य होते एक उंच, वयस्क सरदारजी. वर्गात इकडेतिकडे पाहून ते नम्रपणे म्हणाले, "मैडम जी, भावना समझता हूँ. पर इसमें खास क्या है?"

"बैठिए," ताई म्हणाल्या.

"कुर्सी?"

"ज़मीन पर. बच्चे जैसे बैठते हैं, वैसे."

सरदारजींनी आपल्या कडक इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं, मग ताईंच्या चेहऱ्याकडे. तीस वर्षं चार वर्षांच्या मुलांना गप्प बसवलेला तो चेहरा. ते मुकाट्याने बसले. मागोमाग बाकीचे दोघे, आणि शेवटी मी. उभं असताना समोर नुसती भिंत होती. खाली बसल्याबरोबर ओळीने सहा खिडक्या उघडल्या: हिरवळ, बहाव्याची झाडं आणि त्यांच्यामागे पार डोंगरांची निळी रेघ. ज्याने ही खोली आखली तो आधी जमिनीवर बसला असणार... मला एकदम त्या बिनसहीच्या माणसाची ओळख पटल्यासारखं झालं.

थोड्या वेळाने एकाने घड्याळाकडे पाहून दुसऱ्या बैठकीची आठवण केली. "पाँच मिनट, यार," सरदारजी म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. उठताना त्यांना ताईंनीच हात दिला.

पुढच्या वसंतात निकाल आला. इमारत यादीत, तिसऱ्या श्रेणीत. मी पेढे घेऊन धावले, तर ताई फुरंगटून बसलेल्या. "तिसरी? मी कधी कुण्या पोराला तिसरा नंबर दिला नाही." मग दोन पेढे खाल्ले आणि सगळ्या विद्यार्थ्यांना फोन लावत सुटल्या. बालवाडी तिथेच राहिली. मी अजून गाडी लावायला तीन फेऱ्या मारते आणि आता कुरकुर करत नाही.

त्यांची एक सवय सांगायची राहिली. शाळेवरून जाताना त्या भिंतीला उलटा हात लावायच्या, तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा तसा. पाणी झिरपतंय का, विटा सुटताहेत का, त्या हाताला कळायचं. काही वाटलं की त्याच दिवशी तक्रार जायची.

गेल्या रविवारी निखिल आणि मी त्यांचे कपडे शाळेच्या सेविकाबाईंना द्यायला गेलो होतो. परतताना तो मागे रेंगाळला. वळून पाहिलं तर मागच्या भिंतीशी उभा, हात उलटा करून विटांवर टेकवलेला. मला वाटलं, आईची आठवण येत असेल. तो मात्र कपाळाला आठ्या घालून दोन पावलं सरकला, पुन्हा हात लावला आणि म्हणाला,

"मावशी, इथे ओल आहे."

चक्क मराठीत. मी पर्समधून पेन काढलं आणि तिथेच तक्रार लिहायला घेतली.