चार नंबरच्या टेबलावरचा हात

चित्रांगनी मॅडमचा राग सगळ्या वैद्यकीय विद्यापीठाला ठाऊक होता. विच्छेदनाच्या खोलीत एखादा मुलगा फिसकन हसला की त्याची धडगत नसे. "घरच्यांनी रडू आवरून माणूस दिलाय तुला. त्याच्यासमोर दात काढतोस?" असं म्हणून त्याला सरळ बाहेर काढत.

साथ आली, मुलं घरोघरी पांगली आणि मॅडम त्या खोलीत एकट्या उरल्या. तिपाईवर मोबाईल बांधायचा, समोरचा देह उलगडून दाखवायचा आणि ऐकायला पडद्यावर नुसती नावं. कॅमेरे सगळ्यांचे बंद.

"आहात का रे बाळांनो, की मी भिंतीला शिकवतेय?"

"आहोत, मॅडम," असा एकच आवाज ठरलेला. तो रुवंतीचा. तिच्या गावात रेंज नव्हती, म्हणून ती पाण्याच्या टाकीवर चढून वर्गाला बसे.

शिकवणं तसं बरं चाललं होतं. व्हिडिओ मुलांना हवे तेव्हा बघता येत, परीक्षेत गुणही चांगले पडत. पण मॅडमना एक गोष्ट आतून खात होती. लोक देह देतात ते मुलांच्या हातांसाठी. यंदा चार नंबरच्या टेबलावरच्या माणसाला एकाही मुलाचा हात लागला नव्हता. हा माणूस आपण वाया घालवला, त्याच्या घरच्यांना काय तोंड दाखवायचं, या विचाराने त्यांना जेवण जाईना.

आणि घरच्यांना तोंड दाखवायचा दिवस तर आलाच. देह देणाऱ्यांच्या नावाने दरवर्षी भिक्खूंना दान असतं. मुलं स्वतः भात-भाज्या रांधून वाढतात आणि ते पुण्य गेलेल्यांना अर्पण करतात. यंदा विहारात दोनच भिक्खू होते, बाकी सगळे मोबाईलवर. मॅडमनी घरच्यांनाही वर्गाचीच लिंक पाठवली. मुलांच्या सवयीची होती, नवी कशाला? तिथेच घात झाला. सकाळी उजळणीला लावलेला हाताच्या विच्छेदनाचा व्हिडिओ पडद्यावर तसाच उघडा राहिला होता. घरची माणसं लिंकवरून आत आली ती थेट त्या हातासमोर.

मॅडमनी झटकन तो बंद केला.

"थांबा," एक म्हातारी म्हणाली. तंगल्ल गावच्या सुताराची बायको, करुणावती. "बोटाचं टोक नाहीये. करवतीत गेलं होतं. आमचे बास आहेत ते." सुताराला सगळं गाव बासच म्हणायचं.

मॅडमनी हात जोडले. कोणता देह कुणाचा हे घरच्यांना कधीच कळू द्यायचं नसतं. "अम्मे, चूक झाली माझी. माफ करा."

"माफीचं मागाहून बघू. मुलं शिकली का त्यांच्यावर?"

खोटं बोलून सुटता आलं असतं. "बघून शिकली, अम्मे. हात माझ्या एकटीचाच लागला."

मग रुवंतीचा आवाज आला. "अम्मे, अंगठा कसा वळतो ते मला आता डोळे मिटून सांगता येतं. तो तास मी कितीदा तरी लावून बघितला."

"कितीदा तरी?" म्हातारी म्हणाली. "नशीब तुझं, पोरी. मी एक गोष्ट दोनदा विचारली तर खेकसायचे माझ्यावर."

कुणीतरी हसलं. मॅडम रागावल्या नाहीत. एकेक कॅमेरा सुरू होत गेला, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना आपल्या मुलांचे चेहरे दिसले.

"मॅडम," करुणावती हळूच म्हणाली, "त्या चित्रात तुमच्या हातावर रबर होतं ना?"

"हो अम्मे. हातमोजे घालावेच लागतात."

"ते हृदयविकाराने गेले. पण साथीपायी दवाखान्यात मला काचेबाहेरच उभं केलं, हात धरू दिला नाही. तुम्ही एकदा धराल? शिकवायला नाही. नुसता."

दुसऱ्या दिवशी तासाला सगळे चेहरे वेळेवर हजर होते. करुणावती नव्हती, तिला बोलावणं नियमात बसत नव्हतं. मॅडमनी उजवा हातमोजा काढला आणि बासांचा हात हातात घेतला. कशाचं नाव सांगितलं नाही, काही दाखवलं नाही. मुलांनी पहिल्यांदाच मॅडमना रडताना पाहिलं. तो हात थंडगार होता, लाकडासारखा कडक. त्यांनी तो सोडायची घाई केली नाही.