रंगपटाशेजारचं कुलूप

निर्मलाताईंच्या निखिलचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये होते. "दीदी, मम्मी गेली... मतलब, आत्ताच. चहा ठेवला होता तिने," एवढंच तो बोलला. त्याचं मराठी एरवीही अडखळतं, त्या दिवशी तर तेही संपलं. निर्मलाताईंना जाऊन आता सहा आठवडे झाले. त्यांच्याबद्दल चार हळवे शब्द लिहावेत म्हणून मी दोनदा बसले आणि दोन्ही वेळा मनात नुसती किळस दाटून आली. त्यांची नव्हे, आमच्या शहरातल्या त्या सरकारी नाट्यगृहाची... आणि थोडी माझीही.

ताई मूळच्या भुसावळच्या. रेल्वेत आरक्षणाच्या खिडकीवर नोकरीला होत्या, बदली होऊन जयपूरला आल्या आणि निवृत्तीनंतर तिथल्याच दुर्गापुरा भागात राहिल्या. यजमान लवकर गेले. निखिलला त्यांनी एकटीने वाढवलं. नोकरीपायी इथे येऊन पडलेल्या आमच्यासारख्यांना गोळा करून त्या दरवर्षी एक मराठी नाटक बसवायच्या. सहा वर्षांपूर्वी साताऱ्याहून आलेली मी त्यात ओढली गेले. तालमी त्यांच्याच बैठकीच्या खोलीत होत, नंतर वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. संवाद चुकला तर त्या रागवत नसत, खिडकीतून फॉर्म परत करावा तशा थंडपणे म्हणत, "परत भरून आण."

माझ्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांनी माझ्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली. आज फक्त ओठ ओले करायचे, म्हणाल्या. कारण साधं होतं. रंगपटाच्या बाजूला बायकांसाठी संडासच नव्हता. पुरुष मागच्या भिंतीकडे जात. आम्हाला प्रेक्षागृह ओलांडून पलीकडे जावं लागे, आणि नऊवारीत, रंगवलेल्या तोंडाने, प्रेक्षकांमधून कोण जाणार? दुपारी दोनला आलेल्या बायका रात्री घरी पोहोचेपर्यंत तशाच राहत. पुढच्या वर्षी मला थंडी वाजून ताप भरला, लघवीतून रक्त गेलं, चार दिवस दवाखान्यात काढले. ताई रोज डबा घेऊन येत.

त्याच सुमारास नाट्यगृहाच्या नूतनीकरणाला मोठा निधी मंजूर झाला. सांस्कृतिक खात्याने कलावंतांना सूचना द्यायला बोलावलं. कुणी दिवे मागितले, कुणी ध्वनियंत्रणा. ताई उभ्या राहिल्या आणि बायकांसाठी रंगपटाशेजारी दोन संडास मागितले, नळ आणि आतून कडी असलेले. मागे कुणीतरी हसलं. खात्याच्या साहेबांनी मात्र लिहून घेतलं, आम्हाला कोण आनंद झाला.

इमारत उघडली ती दोन वर्षांनी. समोर दगडी जाळी, कारंजं, दालनात भलंमोठं झुंबर, पाहुण्यांसाठी संगमरवरी विश्रामकक्ष. आणि रंगपटाशेजारी खरंच एक दार, त्यावर चकचकीत पितळी पाटी, 'महिला प्रसाधन'. दाराला कुलूप होतं. चावी मागितली की व्यवस्थापक सांगत, अजून खात्याकडून ताबा यायचा आहे. ताईंनी माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं: दोन्ही प्रसाधनगृहं बांधून पूर्ण, नियमित वापरात. त्यांनी ते तालमीत मोठ्याने वाचलं, आणि आम्ही पोट धरून हसलो. त्या हसल्या नाहीत.

त्या वर्षी खात्याच्या महोत्सवात आमचा प्रयोग होता. पडदा पडायच्या आधी तेच साहेब शाल घेऊन मंचावर आले. ताईंनी हात जोडले आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, शॉल बाद में. पहले पाँच मिनट मेरे साथ चलिए." भरल्या प्रेक्षागृहासमोर नाही म्हणता येईना. आम्ही सगळे मागोमाग गेलो. चावी आता लगेच सापडली. आत गुंडाळलेले लाल गालिचे, उद्घाटनाची समई, प्लास्टिकच्या कुंड्या. भिंतींना फरशी होती, पण नळ नव्हता, भांडं नव्हतं, सांडपाणी जायला साधं भोकही नव्हतं. बांधलंच नव्हतं काही. साहेब गालिच्यांकडे बघत राहिले. "जाँच होगी," म्हणाले.

चौकशी झाली. महिन्याभराने पितळी पाटी निघाली आणि तिथे 'भंडार', म्हणजे कोठीघर, अशी पाटी लागली. दोष दूर करण्यात आला, असं आम्हाला लेखी कळवण्यात आलं. कुणाची साधी बदलीसुद्धा झाली नाही.

पुढच्या वर्षी आमच्या संस्थेला तारीख मिळेना. मंडळी कुजबुजू लागली की ताईंनी मंचावर तमाशा करायला नको होता. शेवटी खात्याला माफीचं पत्र द्यायचं ठरलं. ते पत्र मी टाइप केलं. मी, चार दिवस दवाखान्यात पडलेली. ताईंना दाखवायला गेले तर त्यांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं, हिंदीतली एक वेलांटी सुधारली आणि म्हणाल्या, "यात माझं नाव घाल. नाहीतर तुम्ही सगळ्यांनी माफी मागितली असं होईल, आणि तुम्ही काय केलंय?" मी नाव घातलं. आठवड्यात तारीख मिळाली. त्या नाटकात ताईंनी काम केलं नाही. शेवटच्या रांगेत बसून पाहिलं आणि न भेटता घरी गेल्या. तालमी चालूच राहिल्या, भाकरीही. पण मला त्यांनी पुन्हा कधी 'परत भरून आण' म्हटलं नाही.

त्या गेल्यावर खात्याने त्याच नाट्यगृहात श्रद्धांजली सभा ठेवली. फोटोला शाल पांघरली होती. साहेबांनी त्यांना समर्पित रंगकर्मी म्हटलं, महिला कलाकारांचा आवाज म्हटलं. बाजूच्या भिंतीपलीकडे ते भंडार होतं. उठून काहीतरी बोलायला हवं होतं... मी फक्त उठून बाहेर गेले.

मागच्या रविवारी नाटकाचे कपडे आणायला दुर्गापुऱ्याला गेले. निखिल आणि मी ओट्यावर बसलो होतो. एक भाजीवाली आपली हातगाडी बाहेर उभी करून फाटकातून आत आली, कुणाला न विचारता कुंपणालगतच्या छोट्या संडासात गेली. बाहेर येऊन नळाखाली बादली भरली, जागेवर ठेवली आणि गेली. तालमीला येता-जाता ते दार मी शेकडो वेळा पाहिलं असेल, लक्ष कधीच गेलं नव्हतं. निखिल म्हणाला, "झाडूवाल्या येतात, कुरियरवाली येते. मम्मीने बाहेरून कडी बसवूच दिली नाही. मतलब, फक्त आतून." मग तो उठला, कोपऱ्यावरच्या दुकानातून साबणाची नवी वडी आणली, कागद काढून आत ठेवली आणि दार नुसतं लोटून घेतलं.