सरसवालीची शेड

सुतारदादांना तिच्याविषयी खरं तर फारच थोडं माहीत होतं. भिंतीला भिंत लागून तिची शेड आणि त्यांचं दुकान. पण तिचं माहेर कुठलं, नवरा कधी गेला, हे त्यांनी कधी विचारलं नाही. भीडच वाटे. खुर्च्यांचे सांधे चिकटवायला तिच्याकडून सरस घ्यायचा, मान हलवायची आणि परतायचं, एवढंच.

गल्ली तिला सरसवाली म्हणे. कातडी कमावण्याच्या कारखान्यातून रोज सकाळी ती हातगाडीभर टाकाऊ माल ढकलत आणी आणि ओट्यावर बसून निवडी. कच्च्या कातड्याच्या पांढऱ्या कातरणी उकळून सरस व्हायचा. रसायनात कमावलेला निळसर चुरा मात्र कितीही उकळला तरी ढिम्म विरघळत नसे. तो बुटांच्या आतले पुठ्ठे बनवणाऱ्याकडे जाई. उरलेले केस आणि मांसाचे पापुद्रे खड्ड्यात कुजवून ती खत करी. तिच्याआधी हे सगळं नाल्यात जायचं.

खत झकास व्हायचं, पण वास! एके सकाळी समोरच्या लाँड्रीवाल्या काकू तरातरा आल्या.

"अगं, गिऱ्हाईकं विचारतात, शर्ट धुतलेत की कमावलेत?"

"मग काय, शेड बंद करू?"

"हो! अख्खी गल्ली माझ्या बाजूने आहे."

सरसवालीचा चेहरा उतरला. शेड गेली की पोट गेलं, आणि माल पुन्हा नाल्यात.

सुतारदादांनी जन्मात पहिल्यांदा दोन बायकांच्या भांडणात तोंड घातलं. "खड्ड्यात वरून लाकडाचा भुसा टाकला तर? माझ्याकडे ढीग पडलाय."

उत्साहाने आणलेलं पहिलं पोतं तिने हुंगलं आणि परत केलं. "यात प्लायवूडचा भुसा आहे, दादा. त्यातलं चिकटवायचं रसायन माझ्या खतात नको. निवडून आणा."

घरी धान्य निवडायला सांगितलं की पळ काढणारा हा माणूस त्या दिवसापासून दुकानात भुसा निवडू लागला. केसांचा एक थर, त्यावर भुशाचा जाड थर, असा खड्डा भरत गेला. काही दिवसांनी काकूंनी अट घातली: ओली पांढरी चादर दिवसभर शेडच्या भिंतीवर वाळणार. तिला वास लागला, तर शेड बंद.

चादर भिंतीवर पडली. त्या सकाळी सरसवालीने सरसाची चूल पेटवलीच नाही. दुपारी मात्र तिचं तिलाच ते खपेना. "रोज उकळते, मग आजच का नाही?" म्हणत तिने पातेलं चढवलं. सुतारदादांनी कपाळावर हात मारला.

संध्याकाळी काकूंनी चादरीत तोंडच खुपसलं. 

"येतोय वास."

सरसवाली चुलीवरचं पातेलं उतरवायला वळली.

"लाकडाचा," काकू म्हणाल्या. "बरा येतोय मेला. उद्यापासून दोन चादरी इथेच घालते. ऊन चांगलं आहे तुझ्याकडे."

दोनाच्या दहा व्हायला वेळ लागला नाही. पुढे सुतारदादा दुकान विकून लेकाकडे राहायला निघाले, तेव्हा शेडचं दार चादरींनी झाकून गेलं होतं आणि सरसवाली हातगाडी घेऊन बाहेर अडकली होती. निरोपाचं काहीतरी नीट बोलावं असं त्यांच्या मनात होतं.

"दादा, एवढी चादर वर धरा. गाडी आत घ्यायचीय."

त्यांनी धरली. "आलं का मागचं चाक?"

"आलं. सोडा आता."