हिरवं पाणी आणि मामांचा उजवा हात

शेंद्र्याच्या कारखान्यातून मी रिटायर झालो, त्या दिवशी निरोपाच्या कार्यक्रमात नको ते बोलून बसलो. आता पुढं काय करणार, असं कुणीतरी विचारलं. मी म्हणालो, "काही नाही. निवांत पाण्याकडं बघत बसणार." ज्या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं, तिथल्या माणसानं असं बोलू नये. सोबतच्या मंडळींनी ते मनावर घेतलं आणि पुढच्या रविवारी टेम्पोतून सहा फुटी काचेची टाकी माझ्या गारखेड्यातल्या घरी उतरवली. सोबत लोखंडी स्टँड, फिल्टर, दिवा, खड्यांची दोन पोती आणि फुगवलेल्या पिशव्यांमध्ये मासे. काही सोनेरी, काही काळे-पांढरे चपटे एंजल आणि काचेला तोंड लावून बसणारा एक सकर.

बायको दारात उभी होती. तिनं टाकीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हिला पाणी किती लागतं?"

"एकदा भरली की झालं," मी म्हणालो.

कारखान्यात मी क्वालिटी विभागात होतो. दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायची हा माझा आयुष्यभराचा धंदा. त्यामुळं स्वतः काही करायची वेळ आली की माझा आवाज उगीचच ठाम होतो, हे बायकोला ठाऊक आहे. शिलाई मशीन तिनं तेवढं दोन फूट सरकवून दिलं.

टाकी मी हॉलमधल्या खिडकीखाली ठेवली. माशांनाही ऊन मिळावं, हा विचार. दुपारी बारापासून पाचपर्यंत तिथं चांगलं रणरणीत ऊन येतं. शिवाय टाकीतला दिवा मी सकाळपासून रात्रीपर्यंत चालू ठेवायचो, कारण दिव्यात मासे शोभून दिसतात.

पंधरा दिवसांत काचेवर हिरवट साय धरली. मी खूश झालो. म्हटलं, तळ्यासारखं वाटतंय. महिन्याभरात पाणीच हिरवं झालं. बायको ब्लाऊज शिवते, त्यामुळं हॉलमध्ये मापं द्यायला बायका येतात. एकीनं विचारलं, "वहिनी, यात पालक लावलाय का?" दुसरीनं विचारलं, "आत मासे आहेत?"

"आहेत म्हणतात," बायको म्हणाली.

मग मी कामाला लागलो. जुन्या एटीएम कार्डानं सकाळ-संध्याकाळ काच खरवडायची. खरवडलेलं शेवाळ पाण्यात तरंगायचं आणि रात्रीतून खड्यांवर जाऊन बसायचं. फिल्टरमधला स्पंज मी नळाखाली धरून नव्यासारखा होईपर्यंत धुवायचो. त्यातच पाणी साफ ठेवणारे बारीक जीव राहतात आणि तो टाकीतल्याच पाण्यात हलका पिळायचा असतो, हे मला फार उशिरा कळलं. दुकानदारानं दिलेल्या औषधानं पाणी तीन दिवस नितळ झालं आणि चौथ्या दिवशी आधीपेक्षा हिरवं.

शेवटी नळाला पाणी आलं त्या दिवशी मी अख्खी टाकी रिकामी केली. एकेक खडा घासला आणि थेट नळाला पाइप लावून टाकी काठोकाठ भरली. त्या नादात गच्चीवरची टाकी भरायची राहिली आणि ती आटली, तेव्हा बायको डोक्याला शिकेकाई लावून बाथरूममध्ये होती. त्या दिवशी तिनं मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन सोनेरी मासे उलटे तरंगत होते. एकदम बदललेलं पाणी आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना सोसलं नाही. कढीपत्त्याच्या कुंडीत मी ते पुरले. आणि आठ दिवसांनी टाकी पुन्हा हिरवी.

याच सुमारास माझे सासरे आमच्याकडं राहायला आले. शेंद्र्याच्या पलीकडं त्यांचं गाव. निम्मं आयुष्य त्यांनी मेंढरांमागं रानोमाळ काढलं, आता थोडी शेती आणि उरलेली पाच-पंचवीस मेंढरं. बांधावरून पाय घसरून उजवं मनगट मोडलं होतं. सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं होतं, म्हणून बायको त्यांना घेऊन आली. त्यांची खाट हॉलमध्ये टाकली, बरोबर टाकीसमोर.

मी त्यांना मामा म्हणतो. ते मला पाव्हणं म्हणतात. जावयाचा मान ते इतका राखतात की ते थट्टा कधी करतात हे चटकन कळत नाही. मला ते कळायला लग्नानंतरची कितीतरी वर्षं गेली.

पहिल्या दिवशी ते तासभर टाकीकडं बघत बसले.

"पाव्हणं, ह्यात जित्राब हाय का नुसतंच पाणी?"

"मासे आहेत मामा."

"दिसतील कवा?"

"साफ करतोय मी."

"व्हय. करताय खरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन टाकीवर आलं तसे ते खाटेवर उठून बसले. "मेंढरांचा हौद हाय आमच्या रानात. उघडा ठिवला की आठ दिसांत शेवाळ धरतं. वर कापसाच्या पऱ्हाट्या टाकल्या की नाय धरत. उनाचं खातं ते."

मी त्यांना समजावलं की हौदाची गोष्ट वेगळी. इथं फिल्टर आहे, मोटर आहे, स्पंज आहे, पाणी सारखं फिरतं. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"व्हय," ते म्हणाले. "लई भारी हाय."

मशीनमागं बायको तोंडाला कापड लावून हसत होती. माझा खुलासा मामांनी नापास केला, हे तिला कळलं होतं.

मी काही केलं नाही. केलं तिनं. गुलमंडीला अस्तराचं कापड आणायला गेली, तेव्हा जाड काळं कापडही घेऊन आली. त्याला नाड्या लावून तिनं टाकीच्या मागं, खिडकीच्या बाजूनं पडदा टांगला. पडद्याच्या वरून तिच्या मशीनवर उजेड तसाच राहिला. टाकीतला दिवाही फक्त संध्याकाळी लावायचा, असं तिनंच ठरवलं. दहा-बारा दिवसांत हिरवेपणा निम्म्यावर आला. मी भेटेल त्याला सांगत होतो की स्पंज धुतल्याचा परिणाम आहे. मी पाठ फिरवली की ती खरं काय ते सांगत होती.

पाणी निवळलं, तसा तळ दिसायला लागला, आणि तळ बघण्यासारखा नव्हता. खड्यांवर बोटभर गाळ. मी पारदर्शक नळी आणली. एक टोक गाळात, दुसरं तोंडात धरून ओढायचं आणि पाणी आलं की बादलीत सोडायचं. पहिल्या खेपेला मी जरा जास्तच ओढलं.

"चव कशी हाय?" मामांनी खाटेवरून विचारलं.

बादलीतला गाळ खाली बसला, तेव्हा मला त्यात वेगळंच काही दिसलं. मी ते चिमट्यानं उचलून ताटलीत मांडलं, कारखान्यात खराब माल मांडायचो तसं. ज्वारीच्या भाकरीचे भिजलेले तुकडे होते. शेंगदाण्याची टरफलं होती. मी ताटली घेऊन हॉलच्या मधोमध उभा राहिलो.

"हे टाकीत कसं आलं?"

मशीन थांबलं. मग मामाच बोलले. "म्या जेवाया बसलो की समदी काचंपाशी येत्यात अन् तोंडं उघडत्यात. बघणाऱ्याच्या म्होरं एकट्यानं कसं खावं माणसानं?"

डाव्या हातानं जेवताना त्यांच्या ताटाभोवती चुरा सांडायचा. तो सगळा जमा करून ते टाकीत टाकत होते.

त्यांच्यावर रागवायचं कसं, या विचारात मी होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, "दुपारी तुम्ही झोपलात की मीपण घालते थोडं. मला वाटायचं, तुम्ही विसरलात."

मी स्वतः दिवसातून तीनदा घालत होतो. शिवाय मापं द्यायला येणारी एक बाई खाण्याच्या डबीतून चिमूट घेऊन टाकीत टाकते, हेही त्याच वेळी बाहेर आलं. माशांनी खाल्लं नाही ते कुजत होतं आणि त्यावर शेवाळ पोसत होतं.

मामांनी माशांकडं बघितलं. "पाव्हणं, ही जित्राबं नायत. ही लग्नाच्या वऱ्हाडातली माणसं हायत."

मग ठरलं, दिवसातून एकदाच, सकाळी, चिमूटभर, आणि तेही एकाच माणसानं. ते काम मामांकडं दिलं. त्यांनी एक अट घातली. जेवताना टाकी समोर नको. मी खाट फिरवून दिली. त्या दिवशी ते टाकीकडं पाठ करून जेवले. मध्येच एकदा मान वळवून त्यांनी मागं बघितलं, आणि मी बघतोय हे दिसल्यावर पाण्याचा तांब्या शोधत असल्यासारखं केलं.

पाण्याचीही शिस्त लागली. नळ आला की आधी ड्रम भरायचा, क्लोरीन उडून जावं म्हणून दिवसभर तसाच ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी टाकीतलं पाव पाणी बदलायचं. काढलेलं घाण पाणी बादलीबादलीनं गच्चीवर, बायकोच्या वांग्यांना. वांगी जोमात आली. पहिली भाजी झाली, तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या छंदातनं घरात काहीतरी आलं."

इतकं सगळं बरं चाललं असताना मला पुन्हा हुशारी सुचली. तळाचा गाळ फिल्टर नीट ओढत नाही, असं मला वाटायला लागलं. फिल्टरच्या नळीच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. मी ती काढून टाकली. गाळ खरोखरच सरसर आत जायला लागला. मी समाधानानं पिशवी घेतली आणि भाजी आणायला गेलो.

परत आलो, तेव्हा बायको गच्चीवर होती आणि मामा स्टुलावर उभे होते. उजवा हात, प्लास्टरसकट, कोपरापर्यंत पाण्यात.

"मामा, अहो, हात—"

"आधी बटन बंद करा. मग बोला."

मी बटन बंद केलं. एक काळा-पांढरा एंजल त्या उघड्या नळीला चिकटला होता, त्याचे लांब पर आत ओढले गेले होते. प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांच्या टोकांनी मामांनी तो हळूहळू सोडवला. खेचला नाही. नुसतं बोट खाली धरून त्याला वाट दिली. मासा वाकडा पोहत खड्यांमागं गेला. मामांच्या हातावरून पांढरं पाणी टाकीत गळत होतं आणि प्लास्टर भज्यांच्या पिठासारखं मऊ झालं होतं.

बायको खाली आली. तिनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"जाळी कुणी काढली?"

"मी," मी म्हणालो.

"आणि आबा, डावा हात काय झाला होता?"

"घाईत उजवाच म्होरं जातो गं."

दवाखान्यात जाताना रिक्षात त्यांनी हात छातीशी धरला होता. दुखत होतं, पण ते सांगत नव्हते. मला फार वाईट वाटत होतं. जुळत आलेलं हाड पुन्हा सरकलं असेल तर काय, हेच डोक्यात. मी म्हणालो, "मामा, चूक माझी आहे."

त्यांनी बाहेर बघत उत्तर दिलं. "जाळी काढली ती चूक. पाणी साफ ऱ्हावं म्हणून काढली, ती नाय."

एक्स-रे काढला. हाड जागेवर होतं. नवं प्लास्टर घालताना तरुण डॉक्टरांनी विचारलं, "काय आजोबा, मासे पकडत होतात का?"

"पकडत नव्हतो, सोडवत व्हतो," मामा म्हणाले. "पकडलं व्हतं आमच्या पाव्हण्यांनी."

डॉक्टर माझ्याकडं बघून हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार.

घरी आल्याबरोबर मी जाळी बसवली आणि दुधाळ पाणी थोडं बदललं. तो एंजल चार दिवस खड्यांमागून बाहेर आला नाही, खायलाही नाही. मामांनी खाट पुन्हा टाकीकडं फिरवून घेतली. ते नुसते बघत बसायचे, आणि मी विचारलं की, "हाय, हाय. बसलाय," एवढंच सांगायचे. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. एंजल वर आला होता. पर निम्मे फाटलेले, पण खात होता. मामांनी त्याच्या बाजूला दोन दाणे जास्त टाकले. मी ते बघितलं नाही, असं मी ठरवलं.

पुढं प्लास्टर निघालं आणि मामा जायला निघाले. टाकी तोवर बऱ्यापैकी नितळ होती. पुढच्या काचेवर आठवड्याला पातळ साय येते, ती मी पुसतो. खड्यांवरची थोडी हिरवळ तशीच ठेवतो. सकर ती खातो.

निघताना त्यांनी बायकोला बाजूला घेतलं, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "पाव्हण्यांना एकट्याला टाकीपाशी सोडू नको."

"नाही सोडत," ती म्हणाली. तिनं ते अगदी मनापासून कबूल केलं.

मी त्यांना स्कूटरवरून बसपर्यंत सोडलं. मागं बसून त्यांनी माझ्या खांद्यावर उजवा हात ठेवला होता. पकड अजून कच्ची होती. डॉक्टरांनी हात वापरायला सांगितलं होतं, म्हणून डावा हात मोकळा असूनही ते उजव्यानंच धरत होते. थांब्यावर म्हणाले, "जावा पाव्हणं, ऊन लई हाय." मी गेलो नाही. बसला वेळ होता. लिंबाच्या सावलीत आम्ही दोघं उभे राहिलो आणि त्यांनी मला यंदा बाजरी कुठं पेरायची ठरवलंय, ते सविस्तर सांगितलं. मला बाजरीतलं काही कळत नाही. बस येईपर्यंत मी व्हय व्हय म्हणत राहिलो.